नळ मंजूर

आमच्या ऑफिसात रिकामा रकाना ठेवायला बंदी होती. केयूरचं ते पहिलं कलम. केयूर म्हणजे आमचा मालक. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, आणि गारखेड्यातल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर नऊ माणसं घेऊन जगाला प्रोग्रॅम लिहिणं सोडायला लावायचं, या हट्टाला पेटलेला. त्याचं म्हणणं असं, की बाकीच्या कंपन्या आधी आकृत्या काढतात, भिंतीवर लावतात आणि मग भिंतीकडे पाठ करून भलताच प्रोग्रॅम लिहितात. आपण आकृतीच इतकी नेटकी काढायची की तीच चालली पाहिजे. चौकोन काढा, बाण काढा, बटण दाबा, की चित्र चालायला लागतं. मध्ये प्रोग्रॅम लिहिणारा माणूस नाही, म्हणून माणसाची चूकही नाही. हे शेवटचं वाक्य तो गिऱ्हाइकासमोर डोळे मिटून म्हणायचा, आणि गिऱ्हाइकं मान डोलवायची.

मी मनस्विनी, तिथली सगळ्यांत जुनी. तक्ते माझ्याकडे होते. आमच्या घराण्यात तीन पिढ्या कारकुनी केलेली, आजोबा निजामाच्या कचेरीत पेशकार, त्यामुळे रकाने भरायचं बाळकडू मला वेगळं पाजावं लागलं नाही. तक्ता असा असतो: डावीकडे एखादी गोष्ट कोणकोणत्या अवस्थेत असू शकते ते लिहायचं, वरच्या ओळीत तिच्यावर कोणकोणत्या घटना येऊ शकतात ते. मग या अवस्थेत ही घटना आली तर काय, हे एकेका रकान्यात भरत जायचं. उत्तरं तीनच. एक तर नव्या अवस्थेचं किंवा करायच्या कामाचं नाव. नाही तर 'दुर्लक्ष', म्हणजे घटना आली, गिळली, चला पुढे. नाही तर 'अशक्य', म्हणजे ही घटना इथे येऊच शकत नाही. आणि तरी आलीच, तर चित्र जागच्या जागी थांबतं, पडदा लाल होतो आणि आपलं मुळातच काहीतरी चुकलंय हे चारचौघांत कळतं. 'अशक्य' लिहायला छाती लागते. 'दुर्लक्ष' कोणालाही लिहिता येतं.

२०१६ सालची गोष्ट. पावसाने लागोपाठ दुसऱ्या वर्षी दगा दिला होता, जायकवाडीचं पाणी मृतसाठ्यावर येऊन ठेपलं होतं आणि तरीही शहर पडेगावच्या अंगाने सुटलेल्या पोटासारखं वाढतच होतं. या वाढीव हद्दीत पाणी पोचवायचं कंत्राट एका कंपनीकडे होतं. जिथे पाइप जाईल तिथे नळ, तोवर टँकर. कोणत्या वस्तीला कधी टँकर पाठवायचा आणि पुढचा पाइप कोणाला मंजूर करायचा, हे ठरवणारं चित्र आम्ही त्यांना काढून देत होतो. कंपनीकडून सर्जेराव नावाचे साहेब यायचे. सफारी घालायचे, आणि आकृती कळली नाही की "एकदम करेक्ट" म्हणायचे.

आणि आमच्याकडे अमृता होती. पडेगावच्या पुढे जुन्या खदानीच्या कडेला खडी वस्ती आहे, ती तिथली. घरातली पहिली इंजिनिअर. नोकरीला लागून आठ महिने झाले होते आणि अजून कायम व्हायची होती. तिची आई लीलाबाई हिने वस्तीला नळ यावा म्हणून अकरा वर्षं अर्ज केले होते. विहारात बायकांच्या बैठका घेतल्या, उन्हात धरणी धरली, चार साहेब बदलले तरी बाई बदलली नाही. जानेवारीत तिच्या हातात कागद पडला: खडी वस्तीस नळ मंजूर. अमृता दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आली. मी दोन खाल्ले.

फेब्रुवारीत आमची तालीम झाली. ही केयूरची आवडती पद्धत. चित्र यंत्रावर चढवायच्या आधी माणसांनी ते चालवून बघायचं. एक जण टँकर व्हायचा, एक जण डेपो, एक जण पाइप, आणि एकमेकांना चिठ्ठ्या द्यायच्या. चिठ्ठी मिळाली की तक्त्यात बघायचं आणि तक्ता सांगेल तेवढंच करायचं. केयूर स्वतः डेपो झाला. अमृताला त्याने वस्ती केलं.

"आता तू 'नळ मंजूर' या अवस्थेत आहेस," केयूर म्हणाला.

अमृताने 'टँकर मागणी' असं लिहिलेली चिठ्ठी उचलली. मी तक्त्यात बोट ठेवलं. तो रकाना रिकामा होता.

"ही मागणी येईलच कशी?" केयूर म्हणाला. "नळ मंजूर आहे ना?"

"मंजूर हाय, सर, पण पाइप कुठं आलाय? मंजूर झाल्यावर बी वरीसभर टँकरच लागतो." घाई झाली की अमृताच्या तोंडून घरची भाषा यायची.

"ते खोदाईवाल्यांचं अपयश आहे. ते आपल्या चित्रात नाही."

"मग तिथं 'अशक्य' लिहा. म्हंजी मागणी आली की चित्र थांबंल. सगळ्यांना कळंल तरी."

केयूर हसला. "सर्जेरावांच्या समोर लाल पडदा? वा! आणि हे बघ अमृता, वस्ती बोलत नसते. वस्ती फक्त चिठ्ठी देते."

सगळे हसले. मीही हसले. मग केयूरने माझ्याकडे बघून भुवई उडवली आणि मी त्या रकान्यात 'दुर्लक्ष' लिहिलं. मला ठाऊक होतं अमृता बरोबर बोलतेय. पण मला साडेपाचला निघायचं होतं, आणि अमृताच्या बाजूने बोलून मला काय मिळणार होतं?

एक मार्चला चित्र सुरू झालं. त्याच दिवशी खडी वस्तीचा टँकर बंद झाला.

मागणी फोनवरून करायची सोय होती. एका नंबरवर फोन लावायचा, आपल्या वस्तीचा आकडा दाबायचा, आणि लगेच निरोप यायचा: आपली मागणी मिळाली, धन्यवाद. लीलाबाई रोज सकाळी दाबायची आणि रोज तिला धन्यवाद मिळायचे. आमच्या पडद्यावर तेव्हा खडी वस्तीचा चौकोन एक क्षण पिवळा व्हायचा, आणि पुन्हा हिरवा. हिरवा, कारण नळ मंजूर. इतकं देखणं चित्र मी आयुष्यात काढलं नव्हतं.

अमृता ऑफिसच्या फिल्टरमधून पाच पाच लिटरचे दोन कॅन भरून स्कूटीवर घरी न्यायला लागली. आठवड्याभराने केयूरने फिल्टरवर कागद लावायला सांगितला: पाणी फक्त ऑफिसात पिण्यासाठी. टाइप मीच केला, ठळक अक्षरांत. अमृताने तो वाचला आणि कॅन स्कूटीच्या डिकीत टाकले. ते पुन्हा कधी वर आले नाहीत.

एप्रिलच्या शेवटी ती केयूरच्या टेबलासमोर उभी राहिली. हातात छापील यादी. "सर, आमच्या वस्तीच्या एकसष्ट मागण्या आल्या. एकसष्टच्या एकसष्ट 'दुर्लक्ष'. बाया आता खदानीत उतरत्यात. खाली हिरवं पाणी हाय, ते गाळून पित्यात. तेवढा एक रकाना बदला."

"मॉडेल गोठवलंय, अमृता. तीस जूनपर्यंत काहीही बदलायचं नाही, कंपनीशी करार आहे. आज तुझ्यासाठी बदललं तर उद्या प्रत्येकासाठी बदलावं लागेल."

"माझ्यासाठी नाय, सर."

"तुझी कायम होण्याची फाइल माझ्याकडेच आहे ना?" केयूरने अगदी प्रेमाने विचारलं. अमृता यादीची घडी करून खाली जेवायला गेली. जेवली नसावी.

केयूर दुष्ट नव्हता. त्याला फक्त चित्र माणसांपेक्षा जास्त आवडायचं, आणि तशा माणसाला दुष्ट व्हायची गरजच पडत नाही. ती गेल्यावर त्याने चित्राची एक प्रत उघडली आणि खडी वस्तीला बोटाने धरून एकेका बाणावरून फिरवून बघितलं. पाच मिनिटांत ओरडला, "ताई, वाट आहे! चित्रात वाट आहे!"

वाट अशी होती. 'नळ मंजूर'मधून एक बाण निघत होता, 'मंजुरी रद्द' या घटनेचा. तो 'टँकरवर' या अवस्थेत जात होता. वस्तीने स्वतःच लिहून द्यायचं की आमची मंजुरी रद्द करा, आणि दोन तासांत टँकर. काहीही बदलायची गरज नाही. केयूरचा चेहरा फुलला होता. त्याने प्रतीवर ते चालवून दाखवलं. खडी वस्तीचा हिरवा चौकोन निळा झाला, म्हणजे टँकरवर गेला. आणि त्याच क्षणी, तिचा मोकळा झालेला पाइप यादीतल्या पुढच्याला गेला आणि दुसराच एक चौकोन हिरवा झाला. कृष्णकमळ लेआउट.

कृष्णकमळमध्ये माझं रो-हाउस आहे. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याने आणि मी घेतलेलं, पुढे दोन कुंड्या, मागे टाकी. आम्हीही टँकरवरच होतो, फक्त आमचा टँकर वेळेवर यायचा.

"ताई, तुमची तर लॉटरी," केयूर म्हणाला. पुढे म्हणाला, "हे अमृताला सांगायची गरज नाही. तिला पाणी मिळतंय, बास."

सर्जेरावांनी फोनवर "एकदम करेक्ट" म्हणून अर्जाचा नमुना पाठवला. तो लीलाबाईकडे कोणी न्यायचा? अमृता म्हणाली, "मी आईला नाय सांगू शकत, मॅडम. अकरा वर्सं बघितलंय मी तिला. तुम्ही सांगा. तुमचं ती ऐकंल." माझ्यावर तिचा विश्वास होता. मी कधी तिच्यावर आवाज चढवला नव्हता, विश्वास बसायला तेवढं पुरतं.

मी शनिवारी सकाळी निघाले. खडी वस्ती आमच्या लेआउटपासून दीड किलोमीटरवर, तरी मी तिथे कधी गेले नव्हते. पत्र्याची आणि विटांची घरं, दारात टिपाडं उलटी घातलेली. पाणी नसलं की टिपाड उलटं घालतात, आत पाल पडू नये म्हणून. लीलाबाईने मला खुर्ची दिली, आपण खाली बसली आणि चहा ठेवला. कोपऱ्यातल्या झाकलेल्या घागरीतून तिने पाणी घेतलं तेव्हा मला नको म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. कप भरून प्याले.

मग अर्ज काढला आणि समजावून सांगितलं.

"म्हंजी, नळ नगं असं लिहून द्यायचं?" लीलाबाई म्हणाली.

"नको असं नाही. आत्तापुरतं रद्द. मग टँकर सुरू."

"दोन्ही का नाय? पाइप यायला वरीस लागंल म्हनत्यात. तवर टँकर द्या, पाइप आला की बंद करा. सरळ हाय की."

सरळच होतं. तिला जे चुलीपुढे बसून कळलं, ते आम्ही नऊ जणांनी सहा महिन्यांत चित्रातून बाहेर काढलं होतं. मी म्हणाले, "सिस्टिममध्ये तसं बसत नाही, लीलाबाई."

"कुणी केली ही सिस्टिम?"

"आम्हीच. तुमची अमृतापण होती त्यात."

तिच्या तोंडावर एकदम उजेड पडला. "माझ्या पोरीनं केली? समद्या शहराच्या पान्याची?"

"हो. सगळ्या शहराच्या."

"मंग ती काय चुकीचं करनार नाय." तिने अर्ज पुढे ओढला. मी हे ठरवून बोलले नव्हते. पण बोलल्यावर त्याचा उपयोग दिसला, आणि मी तो होऊ दिला. पेन हातात घेऊन ती थांबली. "रद्द केल्यावर पुन्यांदा मागता येतं ना, बाई?"

"अर्ज करता येतो."

हे खरं होतं. अर्ज करता येतो. तो यादीच्या तळाला जाऊन पडतो, आणि यादीत तेव्हा एकशे चौदा नावं होती. तिने तेवढं विचारलं नाही आणि मी तेवढं सांगितलं नाही. तिने सही केली. अंगठा नाही, सही. विहाराच्या रात्रशाळेत शिकलेली, एकेक अक्षर सुटं आणि नीट. तिच्या मागे दारात उभ्या असलेल्या बायकांतली एक जण म्हणाली, "लीला, अकरा वर्सं गं." लीलाबाई म्हणाली, "लेकरं तहानली हायती. नळ काय, हुईल."

सोमवारी अर्जाची नोंद झाली. अमृता माझ्या शेजारी उभी होती. खडी वस्ती निळी झाली, आणि कृष्णकमळ हिरवं. तिने ते पाहिलं. मी कुठे राहते हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. दिवाळीच्या फराळाला मीच बोलावलं होतं. दोन तासांत खडी वस्तीवर टँकर गेला. केयूरने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. अमृतानेही वाजवल्या, कारण फाइल अजून त्याच्याकडेच होती.

आणि मग गंमत झाली. चौथ्या दिवशी आमच्या लेआउटची पाळी होती, टँकर आला नाही. पाचव्या दिवशीही नाही. माझ्या नवऱ्याने नंबर लावला, आकडा दाबला, त्याला धन्यवाद मिळाले. कृष्णकमळ आता 'नळ मंजूर' होतं ना! मीच भरलेल्या रकान्याने आम्हाला गिळलं होतं. टाकीचा तळ दिसला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, तोंड धुताना पाणी मोजून घेणं म्हणजे काय. दोनच दिवस. त्या दोन दिवसांत लेआउटच्या ग्रुपवर जे रामायण झालं, तेवढं खडी वस्तीने दोन महिन्यांत केलं नव्हतं. एक जण बिल्डरला भेटला, एक जण थेट सर्जेरावांना. मी केयूरला फोन केला, आणि माझा आवाज चढला होता.

"अहो ताई, ही चूक आहे," केयूर म्हणाला. "चूक दुरुस्त करायला कुठे बंदी आहे? बंदी बदलाला आहे."

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. म्हण मला पाठ होती, तरीही मी त्याला थँक्यू म्हटलं.

तक्त्यात बदल करायला दोन माणसं लागायची, एकाने करायचा आणि दुसऱ्याने मान्य करायचा. करायचं काम अमृताला दिलं. दहा चाळीसला तिने 'दुर्लक्ष' खोडून 'टँकर पाठवा' केलं. दहा बेचाळीसला मी मान्य केलं. दुपारी आमची टाकी भरली. मंजुरी आमचीच राहिली, टँकरही आमचाच.

दुपारी तीन वाजता अमृताकडून माझ्या पडद्यावर आणखी एक बदल आला. एकच बाण होता, 'टँकरवर'मधून मागे 'नळ मंजूर'मध्ये जाणारा. 'रद्दचा अर्ज मागे' अशी घटना तिने त्यावर लिहिली होती. अगदी नेटका बाण, मी शिकवल्यासारखा. ती स्वतः माझ्या टेबलाशी आली नाही. आपल्या जागेवर बसून माझ्याकडे बघत राहिली.

मी प्रतीवर चालवून बघितलं. खडी वस्ती हिरवी झाली. टँकर तसाच राहिला, कारण सकाळचा रकाना आता सगळ्यांसाठीच बदलला होता. लीलाबाई म्हणाली होती तसं दोन्ही जमत होतं. आणि पाइप तेवढाच होता, म्हणून कृष्णकमळ निळं झालं आणि यादीत जाऊन बसलं.

मी उठून तिच्याजवळ गेले. "अमृता, हे केयूरला दाखवलंस?"

"नाय, मॅडम. दुसऱ्या माणसाची मान्यता लागती फक्त. सरांची लागत नाय." मग हळू म्हणाली, "आईला मी अजून कायबी सांगितलं नाय. ती वस्तीत सांगत फिरती, की तुमच्यामुळं टँकर आला म्हणून. लई मानती तुम्हाला."

मला लाज वाटली. खरंच वाटली. मी माझ्या जागेवर परत आले. पडद्यावर दोनच बटणं होती, मान्य आणि अमान्य. मला कुंड्या आठवल्या नाहीत, टाकी आठवली नाही, नवऱ्याचा चेहरा आठवला नाही. काहीच आठवलं नाही. बोट आपसूक गेलं. मान्य दाबलं असतं तर चित्राने काही विचारलं नसतं. अमान्यला चित्र कारण मागतं. मी लिहिलं: सदर वस्तीस टँकर नियमित सुरू आहे. नळाची गरज दिसत नाही.

समोर अमृताच्या पडद्यावर ते उमटलं. तिने वाचलं, पुन्हा एकदा वाचलं.

"ठीक आहे, मॅडम," ती म्हणाली. शुद्ध भाषेत.